साडेबारा टक्के

टिपणीस काकांचा सीपीयू रिक्षातून आला,
मांडीवर, जुन्या चादरीत गुंडाळलेला.
कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, माझं दुकान:
एक टेबल, तीन मॉनिटर, सोल्डरचा वास
आणि शटरला टेकलेला शेजारच्या डोसेवाल्याचा सिलिंडर.

"फॉरमॅट नको," बसायच्या आधीच म्हणाले.
"आहे त्याच्यावरच नवं चढव."

सगळ्यांना सांगते तेच त्यांनाही सांगितलं:
जुन्यावर नवं चढवलं की जुनी दुखणीही वर येतात,
ओल असलेल्या भिंतीला रंग मारावा तसं.
जुनी विंडोज दहा दिवस एका फोल्डरात पडून असते,
परत फिरायचं असेल तर.
दहाव्यानंतर आपोआप जाते,
कावळा शिवो न शिवो.
कोरं करून टाकलं तर मशीन पळेल,
पण कोरं म्हणजे कोरं,
मग म्हणायचं नाही, अगं माझं ते कुठंय.

ते हसले. "मी सिडकोत ड्राफ्ट्समन होतो, पोरी.
एकतीस वर्षं. कोरं म्हणजे काय ते मला विचार."

पेनड्राइव्ह लावला. अपग्रेड सुरू झालं.
काकांनी चहा घेतला, मग दुसरा,
रोटरिंग पेनाची निब कशी धुवायची ते सांगितलं,
ट्रेसिंग पेपरवरची रेघ ब्लेडनं कशी खरवडायची
की होती असं वाटूही नये.
पडद्यावर बारा टक्के.
अर्ध्या तासानं बारा टक्के.
हे यंत्र साडेबारा कधी दाखवत नाही,
नाहीतर घणसोलीच्या पोरीला हसू आलं असतं:
आमच्याकडे त्या आकड्याची फाइल
आज्याकडून बापाकडे, बापाकडून माझ्याकडे आली,
बदलत गेली ती फक्त प्लास्टिकची पिशवी.

मग निळा पडदा आणि एक सभ्य वाक्य:
केलेले बदल मागे घेत आहोत.

"आता?"
"आता कोरं."
काका बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.

सी पुसला तरी डी राहतो, मी म्हटलं,
डीला आपण हात लावत नाही,
तेवढं गावठाण समजा.
पण त्यांचं सगळं डेस्कटॉपवर,
म्हणजे सीवर, म्हणजे आधी जाणाऱ्या जमिनीत.

डिस्क काढून माझ्या मशीनला जोडली.
मुंजीचे फोटो, पेन्शनची पत्रं, कॉपी, कॉपी,
आणि एक फाइल उघडली तर नुसता चिन्हांचा चिखल,
स्वल्पविराम, टक्के, उलटे प्रश्न.
"फॉन्ट जुना आहे," काका ओशाळले.
"ऑफिसात नकाशावर सेक्टर पाडायचो ना,
तेव्हा खालची नावं घरी आणून टाइप करायचो.
उगाच. कुणी मागितली नव्हती."

तो फॉन्ट माझ्याकडे होता,
बाप लग्नपत्रिका छापायचा तेव्हाच्या सीडीवर.
टाकला, आणि चिखलातून एकेक उभं राहिलं:
मोठी खार. उघाडीचा तुकडा. भिकीचं शेत.
पाणकोंबडीचा बांध.
आणि अठ्ठावन्नाव्या ओळीत, सर्व्हे नंबरासकट,
आज्या मीठ ओढायचा तो चौकोन.

आज्या म्हणायचा, आपली जमीन गेली नाय गो, खाली हाय.
आम्ही त्याला म्हातारचळ समजायचो.

काकांना काही बोलले नाही.
सगळं पुसायचं का, यंत्रानं विचारलं.
मी हो दाबलं. ते मान वळवून
रस्त्यावरच्या स्कूटरींकडे बघत होते.

सहाशे झाले. त्यांनी सातशे ठेवले,
मी शंभर परत केले.
चादरीला गाठ मारता मारता म्हणाले,
"तो फॉन्ट टाकलास ना गं?"
टाकला.

यादीची एक प्रत ठेवून घेतली, न विचारता.
रात्री शटर ओढायच्या आधी
पुन्हा वरपासून वाचते, बोट लावून.
हे दुकान कुठल्या ओळीवर उभं आहे
ते अजून सापडलेलं नाही.